घोड्यांची सामूहिक रपेट आणि गाडीतून नेआण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. अकलूजचा बाजार भरतो, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आलेली असते, माळ मोकळे झालेले असतात आणि ज्यांच्या दारात एक-दोन घोडे आहेत त्या सगळ्यांनाच एकदम रपेट काढायची असते. पुणे, सातारा, बारामती, नाशिक या पट्ट्यातल्या घोडेवाल्यांनी मला पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रेसकोर्स आणि पोलोवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांच्याकडे घोडे नेण्याच्या खास गाड्या असतात. आपल्याकडे पिकअप असतो.

घोडा वर्षभर वरातीला जातो. त्याला थेट २५ किलोमीटरच्या रपेटीला नेलं तर चालेल का?

नाही. वरातीतला घोडा बँडला, फटाक्यांना, डोळ्यांवर येणाऱ्या लाइटला भीत नाही, हे खरं. पण गुडघाभर पाण्याचा ओढा दिसला की तोच घोडा चारही पाय रोवून उभा राहतो. आणि दम त्याला नसतोच, कारण त्याचं आयुष्य नवरदेवाला घेऊन मुंगीच्या पावलांनी चालण्यात गेलेलं असतं.

किमान सहा आठवडे हातात ठेवा. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, नुसती चाल. पाच किलोमीटरपासून सुरू करून आठपर्यंत न्या. मग मधेमधे दुडकी. चौथ्या आठवड्यापासून चढ-उतार. पाचव्यात एकदा १५ ते १८ किलोमीटर करून बघा. रपेटीच्या आधीचे दोन दिवस हलकं काम, पण पूर्ण विश्रांती नको. पोटभर चंदी (दाणा) खाऊन दोन दिवस नुसता उभा राहिलेला घोडा अचानक कामाला जुंपला तर त्याच्या पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडू शकतात. असं झालं आणि लघवी चहा-कॉफीच्या रंगाची दिसली तर त्याला एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरला तिथेच बोलवा.

एक लक्षात घ्या: दम लवकर वाढतो, पण कंडरा आणि हाडं मजबूत व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात. घोडा उड्या मारतोय म्हणजे तो तयार झाला, असं नसतं.

मग तयार झाला हे कसं ओळखायचं?

नाडीवरून. जबड्याच्या हाडाखाली बोट फिरवलं की दोरीसारखी एक रक्तवाहिनी लागते, तिथे १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. नाही सापडली तर साधा स्टेथोस्कोप घ्या आणि डाव्या कोपराच्या मागे लावा. आराम करणाऱ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. आठवडाभर रोज सकाळी हे आकडे वहीत लिहा, म्हणजे तुमच्या घोड्याचं ‘नेहमीचं’ काय ते तुम्हाला कळेल.

कामानंतर सावलीत उभं करून २० मिनिटांनी पुन्हा मोजा. नाडी ६४ च्या खाली आली नसेल तर अंतर जास्त झालं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोड्याला पुढे सोडायचं की थांबवायचं हे ठरवताना हाच ६४ चा आकडा धरतात.

माझं वजन ८५ किलो आहे. माझा मारवाडी घोडा मला पेलेल का?

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. ४०० किलोच्या घोड्याला ८० किलो. त्यात खोगिराचे सात-आठ किलो धरा. म्हणजे उत्तर तुम्हालाच मिळालं. भीमथडी तट्टू काटक असतं, डोंगरात त्याच्यासारखं पाऊल कुणाचं नाही, पण अंगानं लहान असतं. ते कुरकुर करत नाही याचा फायदा घेऊ नका.

गटात किती घोडे असावेत?

पहिल्या वेळी सहा. अनुभवी मंडळी असतील तर आठ-दहा. त्यापुढे ती रपेट राहत नाही, मिरवणूक होते.

सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला आणि शांत घोड्यावरचा स्वार. सगळ्यात मागेही तितकाच जाणता माणूस हवा, कारण कुणाचा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल झालाय, कोण लंगडतोय हे मागूनच दिसतं. नवखे मधे. वेग ठरतो तो गटातल्या सगळ्यात कच्च्या स्वारावरून. पुढच्याला घाई असेल तर त्यानं दुसऱ्या दिवशी एकट्यानं यावं. हे आधी चहावरच स्पष्ट बोलून घ्या, खोगिरावर बसल्यावर कुणी ऐकत नाही.

कुणाला उतरावं लागलं तर सगळ्यांनी थांबायचं. घोडा कळपाचा प्राणी आहे. बाकीचे निघून जाताना दिसले की मागे राहिलेला घोडा बेभान होतो, आणि एक पाय रिकिबीत (खोगिराच्या पायकडीत), एक जमिनीवर अशा अवस्थेतला स्वार फरपटला जातो. ओढ्यावर पाणी पिताना तेच. शेवटच्या घोड्याचं पिऊन होईपर्यंत पहिल्यानं हलायचं नाही.

दोन घोड्यांत अंतर किती ठेवायचं?

आपल्या घोड्याच्या दोन कानांच्या मधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. दिसेनासे झाले की तुम्ही लाथेच्या टप्प्यात आलात. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची रीत जगभर आहे, ती पाळा. पण फीत बांधली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. असा घोडा सगळ्यांच्या मागेच ठेवायचा.

आमचा घोडा खच्ची केलेला नाही. आणला तर चालेल ना?

आपल्याकडे बहुतेकांचा नर घोडा तसाच असतो. त्याचा रुबाब, त्याची मान, सगळं खरं, पण गटात तो डोक्याला ताप असतो. शिस्तीत वाढलेला, आधी इतर घोड्यांबरोबर चाललेला असेल तर आणा. दोन अटी: स्वार पक्क्या मांडीचा हवा, आणि गटात घोड्या असतील तर एकही माजावर नको. घोडी साधारण तीन आठवड्यांनी माजावर येते आणि माज पाच-सात दिवस टिकतो, त्यामुळे तारीख ठरवताना घोडीवाल्याला आधी विचारा. थंडीत हा त्रास कमी, फेब्रुवारीनंतर वाढत जातो. नर घोडा आणि घोडी एका गाडीत शेजारी-शेजारी तर अजिबात नको.

फेट्यावर हेल्मेट कसं घालायचं?

घालायचं नाही. फेटा फोटोपुरता, घोडा उभा असताना. चालू झाला की हेल्मेट, आणि तेही घोडेस्वारीचं, हनुवटीखाली पट्टा आवळलेलं. बूट टाचेचा हवा. स्पोर्ट्स शूज घालून आलेल्याला मी खोगिरावर चढू देत नाही, मग तो कुणाचाही पाहुणा असो. टाच नसली की पूर्ण पाऊल रिकिबीतून आरपार जातं. रिकीब बुटापेक्षा बोटभर रुंद असावी.

तंग तीनदा बघायचा: बांधताना, चढण्याआधी आणि दहा मिनिटं चालल्यावर. पहिल्यांदा आवळताना घोडा पोट फुगवून उभा राहतो. हा लबाडपणा आमची घोडी इतक्या निरागस चेहऱ्यानं करते की नवा माणूस हमखास फसतो.

नाल कधी मारून घ्यायचे?

आठवडाभर आधी. आदल्या दिवशी नको. खिळा खुरातल्या जिवंत भागाच्या जवळ लागला असेल तर ते दोन-तीन दिवसांनी लंगडण्यातून कळतं. डांबरी रस्त्यावर लोखंडी नाल साबणासारखा घसरतो, म्हणून डांबर ओलांडायचं तेव्हा चालीतच आणि सगळ्यांनी एकदम.

वाटेत खरा धोका कशाचा? बिबट्याचा?

जुन्नरकडचे लोक हटकून हेच विचारतात. दिवसाउजेडी दहा घोड्यांच्या गटाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. मला भीती वाटते ती पुढच्या गोष्टींची.

आग्या मोहोळ. कड्यांवर, किल्ल्यांच्या तटबंदीत, मोठ्या वडा-उंबरावर असतं. खाली सिगारेट नको, शेकोटी नको, अत्तर फवारलेला माणूसही नको. माश्या उठल्या तर थांबून घोडे आवरत बसू नका, लांब निघून जा.

बिनकठड्याच्या विहिरी आणि पडीक रानातल्या काटेरी तारा. गवत वाढलेलं असताना दोन्ही दिसत नाहीत. म्हणून वाट आदल्या आठवड्यात पायी किंवा मोटरसायकलवर जाऊन बघायची. गूगलच्या नकाशात तार दिसत नाही.

ऊसवाहतूक. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यावर टेपचा आवाज आकाशाला भिडलेला, आणि बाजूंनी ऊस बाहेर आलेला. असा ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून शेताच्या तोंडाशी उभे राहा आणि घोड्यांची तोंडं ट्रॅक्टरकडे करा. घोडा ज्याला बघू शकतो त्याला कमी बुजतो.

धनगरांची कुत्री. मेंढ्यांचा कळप दिसला की लांबूनच हाक मारा. ते कुत्र्यांना बोलावून घेतात.

राखीव जंगल किंवा अभयारण्यातून जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. ‘तिथले लोक ओळखीचे आहेत’ ही परवानगी नव्हे.

मुक्कामी गावात कुणी पशुखाद्य दिलं तर घालू का?

घालू नका. कोंबड्यांच्या आणि काही गाई-म्हशींच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्यानं निकामी होतं, अगदी थोड्या मात्रेनंसुद्धा. आपली चंदी आपल्या पोत्यात, आपला तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) आपल्याबरोबर.

दुसरं, कण्हेर. महामार्गाच्या दुभाजकात आणि ढाब्यांच्या कुंपणाला गुलाबी-पांढरी फुलं फुललेली असतात ती हीच. तिची मूठभर पानं घोड्याला मारायला पुरतात, वाळलेलीसुद्धा. ढाब्यावर थांबलात की घोडा कुंपणाला बांधण्याआधी कुंपण कशाचं आहे ते बघा.

घोडा परक्या ठिकाणी पाणीच पीत नाही.

पाण्याची चव बदलली की बरेच घोडे तोंड फिरवतात. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात गुळाचा छोटा खडा विरघळवायला लागा, मग बाहेरच्या पाण्यातही तोच घाला. चवीत फरक जाणवत नाही. मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, उन्हात कामाला असेल तर त्याहून जास्त. बादलीही घरचीच न्या. घामाघूम घोड्याला पाणी पाजू नये हा समज सोडून द्या, थोडं थोडं पाजत राहा. अंगावर पाणी ओतलंत तर ते पुन्हापुन्हा ओतत राहा.

गाडीतून नेताना कागद कुठले लागतात?

घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला. प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये घोड्यांसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यानुसार एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत, दोन जनावरांच्या मध्ये बांबू हवा, घोड्यांची तोंडं डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून लांब हवीत, बरोबर एक माणूस हवा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. मोटार वाहन नियमांत एका घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागा सांगितली आहे. गाडीचा हौद, म्हणजे मागची माल भरायची जागा, स्वतः टेपनं मोजा, गाडीवाल्याच्या ‘तीन आरामात बसतात’वर जाऊ नका.

याखेरीज ग्लँडर्सची तपासणी. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही आणि घोडा बाधित निघाला तर त्याला मारावंच लागतं. खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, अहवाल यायला वेळ लागतो, त्यामुळे रक्ताचा नमुना लवकर द्या. गटातल्या एकाचाही अहवाल नसेल तर त्याला ‘पुढच्या वेळी’ म्हणायचं. वाईटपणा येतो, येऊ द्या. धनुर्वाताची लस वर्षाच्या वर्षाला झालेली असावी.

घोडा गाडीत चढतच नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो नेहमी निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता विचारला जातो. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नसतं. चार माणसं मागून दोर लावतात, एक कान पिरगाळतो, एक डोळ्यांना पट्टी बांधतो, घोडा शेवटी चढतोही. पण त्याला जे कळायचं ते कळलेलं असतं, आणि परतीला परक्या गावात तो जन्मात चढत नाही.

महिनाभर आधी गाडी दोन-चार दिवसांसाठी मागून घ्या. पहिल्या दिवशी तिच्या शेजारी चंदी खाऊ घाला, बस्स. दुसऱ्या दिवशी गाडीत चढायच्या फळीवर. पोकळ फळीवर खूर पडला की जो आवाज येतो त्याला घोडा बिचकतो, म्हणून वर गोणपाट आणि त्यावर थोडं गवत अंथरा. दोन पाय ठेवले की शाबासकी देऊन परत उतरवा, तो स्वतः मागे हटायच्या आत. उलट पावली शांतपणे उतरणं हा अर्धा धडा आहे. मग पूर्ण आत, तोबरा आतच. मग मागची फळी लावून पाच मिनिटं. मग इंजिन सुरू. मग गावाला एक फेरी. शक्य असेल तर एखादा म्हातारा सवयीचा घोडा आधी चढवा, नवा त्याच्या मागून जातो.

गाडी बांधाला लावत असाल तर हौद आणि बांध एका पातळीत आले पाहिजेत, आणि मधली फट फळी टाकून किंवा मातीची पोती ठेवून बुजवलीच पाहिजे. घोड्याचा पाय त्या फटीत गेला तर हाड मोडतं. हँडब्रेक तर ओढाच, शिवाय चाकांना उटी (अडण) लावा. चढवणाऱ्यानं हेल्मेट आणि हातमोजे घालायचे, दावं हाताला गुंडाळायचं नाही, आणि घोड्याच्या बरोबर मागे कुणीही उभं राहायचं नाही.

आत बांधायचं कसं?

माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री एका ढाब्यावर थांबलो होतो. घोडी लोखंडी कडीला नायलॉनच्या दाव्यानं बांधलेली, गाठ सरकफासाची. शेजारून ट्रक प्रेशर हॉर्न वाजवत गेला. घोडी मागे बसली, दावं ताणलं, गाठ आवळून सुपारीएवढी झाली. तिची मान पिळलेली, मोरखी (तोंडावरची दोरी) कानांत रुतलेली, पुढचा एक पाय हौदाच्या फळीवर. आणि आमचा चाकू गाडीच्या खणात, कागदपत्रांच्या खाली. शेवटी मोतद्दारानं (घोड्याची देखभाल करणाऱ्यानं) आत पळत जाऊन ढाब्यावरची कांदे चिरायची सुरी आणली. दावं तुटलं तेव्हा सुरीला कांद्याचा वास येत होता, एवढंच मला त्या रात्रीचं स्पष्ट आठवतं. घोडी वाचली. कानामागे पांढऱ्या केसांची रेघ राहिली ती अजून आहे.

तेव्हापासून दावं सुती. कडीत आधी साध्या सुतळीचा फेरा, आणि दावं त्या फेऱ्यात, म्हणजे जोर आला की सुतळी तुटते, मान नाही. गाठ टोक ओढताच सुटणारी. चाकू माझ्या कमरेला.

दाव्याची लांबी मात्र डोकं छातीच्या खाली नेता येईल इतकी हवी, पण पाय अडकेल इतकी नको. तासन्‌तास मान वर बांधलेल्या घोड्याला खोकून घशातली घाण बाहेर टाकता येत नाही, ती फुप्फुसात उतरते आणि प्रवासानंतर दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. लांबच्या प्रवासानंतर ताप आला तर ‘दगदग झाली’ म्हणून सोडू नका.

ड्रायव्हरला काय सांगायचं?

हौदात उघडी दुधाची बादली ठेवली आहे असं समजून चालव. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. पहिल्या दहा किलोमीटरला मी स्वतः मागे हौदावर नजर ठेवून दुसऱ्या गाडीत असतो. घोडा सतत पाय बदलत असेल तर चूक ड्रायव्हरची. हौदात रबरी चटई किंवा काथ्याचं जाड बस्तर आणि त्यावर भुसा हवा, ओल्या पत्र्यावर घोडा उभा राहूच शकत नाही. मोतद्दारानं घोड्याच्या पायांत बसून प्रवास करायचा नाही. त्याला हौदाच्या पुढच्या भागात आडवा पाइप लावून वेगळी जागा करा.

पुण्याहून सारंगखेड्याला एका दमात जाता येतं का?

माणसं जातात, घोड्यांना नेऊ नका. नाशिक, धुळे, दोंडाईचा करत तापीकाठी पोचायला चारशेहून जास्त किलोमीटर होतात. नियमातला वेग पाळला तर नुसतं चालतं अंतरच बारा तासांच्या वर जातं. वाटेत घाट आहेत. म्हणून नाशिकच्या आसपास ओळखीच्या तबेल्यात मुक्काम ठरवूनच निघा. दर तीन तासांनी २०-३० मिनिटं गाडी सावलीत उभी करायची, पाणी दाखवायचं, मान खाली सोडायची. महामार्गाच्या कडेला घोडे उतरवायचे नाहीत, कितीही पाय मोकळे करावेसे वाटले तरी. पोचल्यावर त्याच दिवशी स्वारी नको.

वाटेत पोट दुखायला लागलं तर तेल पाजू का?

नळीनं तेल पाजणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांना हात जोडून नाही म्हणा. घोड्याला ओकता येत नाही, आणि तोंडातून जबरदस्तीनं ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं की घोडा पोटाऐवजी न्यूमोनियानं जातो. पायानं जमीन उकरणं, कुशीकडे वळून बघणं, लोळणं, लीद बंद होणं ही लक्षणं दिसली की चारा काढून घ्या, नाडी मोजा, हळूहळू चालवा आणि डॉक्टरला फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. माणूस पडला तर ११२. दोन्ही नंबर, आणि त्या तालुक्यातल्या घोड्यांचं कळणाऱ्या डॉक्टरचा नंबर, कागदावर लिहून खिशात ठेवा. दरीत मोबाइलची बॅटरी आधी जाते.

पावसाळ्यात?

मी जात नाही. काळ्या मातीत खूर रुततो आणि कातळावर शेवाळ असतं.

यात्रेहून परत आल्यावर काही करायचं असतं का?

हो, आणि हेच सगळे विसरतात. यात्रेत शेकडो घोडे पाण्याच्या एकाच हौदावर पाणी पितात. घरी आलेला घोडा किमान दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब बांधा. त्याची बादली, खरारा, मोरखी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. रोज ताप बघा. नाकातून पू, जबड्याखाली गाठ किंवा अंगावर फुटणारे फोड दिसले तर हात न लावता आधी डॉक्टरला बोलवा. गाडीचा हौदही धुवायचा असतो. पिकअप भाड्याचा असेल तर तुमच्या आधी त्यातून काय गेलं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून घोडा चढवायच्या आधीही तो एकदा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन, सुकवून घ्या. गाडीवाला हसेल. शंभर-दोनशे रुपये जास्त द्या, मग स्वतःच पाइप आणून देतो.